जुन्या घराच्या वायरिंगवर सर्व्हेचा शेरा आला, आता पुढे काय?

सौदा जवळपास ठरलेला असतो. मग खरेदीदाराने नेमलेला सर्व्हेअर येतो, तासा-दोन तासांत घर फिरून जातो आणि काही दिवसांनी त्याचा अहवाल येतो. छत, ओल, भिंतीच्या भेगा असं सगळं झाल्यावर कुठेतरी दोन ओळी असतात : "विद्युत यंत्रणा जुनी दिसते. व्यवहारापूर्वी पात्र तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी." तेवढ्यावर खरेदीदाराची झोप उडते आणि विकणाऱ्याचं डोकं तापतं. "पस्तीस वर्षं राहिलो या घरात, एकदाही कुणाला शॉक बसला नाही," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता नुसती मान डोलावतो.

वाक्य खरंच असतं, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. अर्थिंग तुटलेलं असेल तर ते कळतं फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी गिझरचं एलिमेंट फुटून त्याच्या बॉडीत करंट उतरतो. तोवर दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणाला काही जाणवत नाही.

सर्व्हेअरच्या शेऱ्यातूनही काही सिद्ध होत नाही, हे मात्र विकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सर्व्हेअर स्विचचं कव्हर उघडत नाही, तार सोडवत नाही, त्याच्याकडे मेगर (तारांचं आवरण तपासायचं यंत्र) नसतो. त्याने बोर्ड पाहिला, जुन्या पद्धतीचे फ्यूज पाहिले, माळ्यावर लोंबणारी एखादी तार पाहिली आणि शंका नोंदवली. तुम्हाला आता करायचं काम एकच : त्या शंकेच्या जागी मोजलेले आकडे आणायचे. वाद घालणं किंवा घाबरून अख्खं घर फोडून वायरिंग बदलणं, दोन्ही त्यानंतरच्या गोष्टी. बहुतेक वेळा दोन्हींची गरज पडत नाही.

आधी शेरा नीट वाचा

खरेदीदाराकडून अहवालातला विजेसंबंधीचा भाग शब्दशः मागून घ्या, फोटो असतील तर तेही. फोनवर ऐकलेल्या सारांशावर जाऊ नका. "वायरिंग खराब आहे म्हणे" आणि "वायरिंग जुनं असल्याने तपासणीची शिफारस" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोघांच्या मधल्या एजंटच्या तोंडी तो फरक टिकत नाही.

शेरे साधारण दोन जातींचे असतात. पहिला वयावरून मारलेला. अलीकडच्या तपासणीचा कागद दिसला नाही की बरेच सर्व्हेअर हे वाक्य आपोआप घालतात, स्वतःच्या अंगावर काही येऊ नये म्हणून. दुसरा डोळ्यांनी पाहिलेला : काळवंडलेलं सॉकेट, उघडा जोड, कापडी आवरणाची तार, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) नसणं, न्हाणीघरातलं साधं सॉकेट. दुसऱ्या जातीचा शेरा असेल तर त्यातली प्रत्येक बाब वेगळी लिहून काढा. पुढे उत्तर देताना प्रत्येकीपुढे काहीतरी लिहायचंय.

एक अपवाद. एखादा स्विच गरम लागतोय, जळका वास येतोय, नळाला किंवा फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येतात, दिवे एकदम खूप प्रखर आणि मग मंद होतात, असं काही असेल तर ते व्यवहारात बसवत बसू नका. तो सर्किट आज बंद करा आणि आजच माणूस बोलवा. घर विकलं जाईपर्यंत त्यात तुम्हीच झोपणार आहात. प्रखर-मंद होणारे दिवे हे बऱ्याचदा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सैल झाल्याचं लक्षण असतं. त्याने आधी उपकरणं जळतात, मग बाकीचं.

स्वतः एक फेरी मारा, हत्याराशिवाय

तपासनीस बोलावण्याआधी अर्धा तास काढून घर बघून घ्या. काही उघडायचं नाही, स्क्रू फिरवायचा नाही. विशेषतः रबरी आवरणाच्या जुन्या तारा असतील तर त्या हलवूसुद्धा नका. १९६०च्या दशकापर्यंत रबर सर्रास वापरलं जायचं, आणि ते कालांतराने वाळून बिस्किटासारखं भुगा होतं. भिंतीत न हलता पडून आहे तोवर ते तांब्याला धरून असतं. कुणी स्विचबोर्ड बाहेर ओढला की आवरण गळून पडतं.

मुख्य बोर्डापासून सुरुवात करा. चिनी मातीचे, आत तार गुंडाळायचे फ्यूज आहेत की एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे स्विच)? फ्यूज असले म्हणजे घर धोकादायक, असं नाही. योग्य जाडीची तार घातलेला फ्यूज त्याचं काम करतो. अडचण अशी की तो वारंवार उडायला लागला की कुणीतरी त्यात जाड तार घालतं, आणि मग भिंतीतली तार हाच फ्यूज होतो. फार जुन्या घरांत फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असतात. तिथे न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, माणसाला वाटतं लाइन बंद आहे, आणि होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो. हा प्रकार दिसला तर तो बदलण्याच्या यादीत वर घाला.

बोर्डावर "टेस्ट" लिहिलेलं बटण आहे का पाहा. असलं तर ते आरसीसीबीचं. एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते उपकरण शोभेचं आहे. ते बटण दर काही महिन्यांनी दाबायचं असतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वर्षानुवर्षं न हललेला खटका आत चिकटून बसतो.

मग माळा. तारांवर उंदरांचे दात, टेपने गुंडाळलेले जोड, थर्मोकोलला चिकटलेल्या पीव्हीसी तारा. हे शेवटचं बारीक वाटेल, पण पीव्हीसीतला मऊपणा देणारा पदार्थ थर्मोकोलमध्ये उतरतो आणि तारेचं आवरण कडक होतं. तारांवर उष्णतारोधक थर पसरला असेल तर तेही लिहून ठेवा. तार थंड राहण्यासाठी लागणारी हवा तिथे मिळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या घरांत १८८०च्या दशकापासून १९४०च्या दशकापर्यंत पोर्सेलीनच्या खुंट्या आणि नळ्यांवरून उघड्या हवेत तारा ओढत. त्या पद्धतीची सगळी भिस्त हवेवर होती, आणि अर्थची तार त्यात मुळात नव्हतीच. नंतर कुणीतरी उष्णतारोधक भरलं की तीच यंत्रणा तापायला लागते.

खोल्यांमध्ये सॉकेट बघा. दोन पिनांची किती, तीन पिनांची किती, कुठली पिवळी पडलीत, कुठे प्लग सैल बसतो, कुठे एकाच सॉकेटवर मल्टिप्लगची उतरंड आहे. एखाद्या सॉकेटमधून हिरवट चिकट द्रव ओघळलेला दिसला तर चकित होऊ नका. काही जुन्या पीव्हीसी तारांमधला मऊपणाचा पदार्थ तांब्याशी मिसळून असा बाहेर येतो. स्वतःहून तो आग लावत नाही, पण तारेचं वय सांगतो.

आणि जुना फ्यूजबोर्ड बदलायचा विचार मनात आला तरी स्वतः त्याला ड्रिल लावू नका. काही जुन्या बोर्डांत आणि फ्यूजच्या खाचांत ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्या असत.

कागद शोधा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फायद्याचं. एसी बसवताना नवी लाइन ओढली होती? स्वयंपाकघराचं काम केलं होतं तेव्हा वायरिंग बदललं? मीटर कधी बदलला? बिलं, पूर्णत्वाचे दाखले, काम चालू असतानाचे फोटो, जे मिळेल ते. भिंत बंद करण्याआधी काढलेला एक धूसर फोटोही तारा कुठून गेल्यात हे सांगतो. कागद नसेल तर आठवणीवर लिहा, पण "आठवणीनुसार" असं स्पष्ट म्हणून.

कुणाला बोलवायचं

नेहमीचा वायरमन बहुधा या कामाचा माणूस नसतो, हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण हात त्याचे उत्तम असतात. पण दुरुस्ती वेगळी आणि तपासणी वेगळी. तपासणी करणाऱ्याकडे तुमच्या भागात लागणारा परवाना हवा, कॅलिब्रेट केलेली, म्हणजे अचूकता तपासून घेतलेली उपकरणं हवीत आणि प्रत्येक सर्किटचे आकडे लिहून देण्याची सवय हवी.

फोनवर एकच प्रश्न विचारा : "सर्किटनिहाय इन्सुलेशन, अर्थची अखंडता, लूप आणि आरसीसीबीच्या वेळा लिहून द्याल का?" (हे शब्द काय ते पुढे येतंच.) समोरचा "सगळं बघून ओके करून देतो" म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. "ओके" लिहिलेल्या कागदाला खरेदीदाराच्या माणसापुढे काही वजन नसतं.

तपासणीच्या आधीच खरेदीदाराला नाव कळवा आणि विचारा, या माणसाचा अहवाल चालेल का. हे राहिलं तर तुम्ही एक तपासणी करता, ते दुसरी करतात, दोन अहवालांत दोन मतं निघतात आणि तीन आठवडे जातात. ज्याच्याकडून तपासणी, त्याच्याकडूनच दुरुस्ती, हा आग्रह दोन्ही बाजूंनी टाळलेला बरा. तपासायला आलेला माणूस तासाभरात "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल" म्हणाला तर शांतपणे विचारा, "कुठल्या रीडिंगमुळे?" खरा तपासनीस लगेच आकडा दाखवतो.

तपासणीच्या दिवशी नेमकं काय होतं

साध्या घराला अर्धा दिवस धरा, मोठ्याला पूर्ण. वीज बराच वेळ बंद राहील. एलईडी दिवे, डिमर, संगणक, इन्व्हर्टर सोडवून ठेवावे लागतात, कारण इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्ट डीसीने होते आणि ती नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला झेपत नाही. कपाटामागची सॉकेटं मोकळी करा, माळ्याची शिडी काढून ठेवा. जिथे हात पोचला नाही तिथे तपासनीस "तपासता आलं नाही" असं लिहितो, आणि खरेदीदाराचा वकील नेमकं तेच वाक्य अधोरेखित करतो.

आकडे समजून घेतले तर अहवालाची भीती निम्मी होते.

इन्सुलेशन : तारांचं आवरण करंट किती अडवतं, याचं माप. घरगुती सर्किटला किमान १ मेगओहम हवा. नव्या पीव्हीसी वायरिंगला शेकड्यांत आकडा येतो. दोन-तीन मेगओहम आला तर नियमाने पास, पण ओल किंवा वय बोलतंय असं समजा. ०.२ आला तर त्या सर्किटचं काहीतरी करावंच लागेल. काही वेळा अख्ख्या सर्किटचा आकडा एका ओल लागलेल्या बाहेरच्या दिव्यामुळे पडलेला असतो. दिवा सोडवला की आकडा उडी मारतो. म्हणून नापास सर्किट तुकड्या-तुकड्याने पुन्हा मोजायला सांगा. त्या अर्ध्या तासात अख्ख्या वायरिंगचा खर्च वाचू शकतो.

अर्थच्या तारेची अखंडता : दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. म्हणजे बोर्डापासून वीस मीटर दूरच्या सॉकेटपर्यंत पाव ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरने चार ओहम दाखवले तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजलाय. मीटरला जोडच सापडला नाही तर तीन पिनांचं सॉकेट बसवलंय, पण तिसरी पिन कशालाच जोडलेली नाही. हे जुन्या घरांत फार आढळतं : दोन पिनांचं सॉकेट काढून तीन पिनांचं लावलं, दिसायला आधुनिक झालं, अर्थची तार मात्र भिंतीत कधी नव्हतीच. याहून वाईट म्हणजे अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून "अर्थिंग दिलं" म्हणणं. बाजारातला प्लगमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर अशा सॉकेटला बरोबर ठरवतो; त्याला न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक कळत नाही. पुढे न्यूट्रल तुटला की जोडलेल्या उपकरणाची बॉडी थेट फेजवर येते.

लूप आणि अर्थ रॉड : लूप म्हणजे दोष झाल्यावर करंट ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा रोध, आणि अर्थ रॉड म्हणजे जमिनीत पुरलेली अर्थिंगची सळई. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. समजा अर्थ रॉडचा रोध १०० ओहम आहे आणि २३० व्होल्टचा फेज वॉशिंग मशिनच्या बॉडीला लागला. जमिनीत जाणारा करंट २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी याकडे ढुंकूनही बघणार नाही. त्याच्या लेखी दोन-चार पंखे आणि एक मिक्सर चाललाय. मशिनची बॉडी मात्र जिवंत राहते, कोणीतरी हात लावेपर्यंत. "आमच्याकडे अर्थिंग आहे आणि एमसीबीपण आहेत" या उत्तराने तपासनीसाचं समाधान का होत नाही, ते हे. अशा घराला आरसीसीबी लागतोच.

आरसीसीबी : फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत फरक पडला की हा तोडतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा वापरतात, कारण साधारण दहा मिलिअँपिअरपासून पुढे हाताची पकड सुटणं अवघड होतं आणि त्याहून बऱ्याच मोठ्या करंटला हृदयाची लय बिघडते. चाचणीत ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत तुटायला हवा. १५ मिलिअँपिअरला तुटता कामा नये. जुन्या बोर्डावर "ईएलसीबी" लिहिलेलं आणि अर्थच्या दोन वेगळ्या तारा जोडलेलं उपकरण दिसलं तर ते व्होल्टेजवर चालणारं जुन्या पद्धतीचं असू शकतं. पाण्याच्या पाइपसारखी दुसरी वाट मिळाली की गळतीचा करंट त्याला टाळून जमिनीत जातो. ते बदलायचंच.

पाइपवरून आठवलं. पूर्वी घराचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपला क्लॅम्प करून देत. पुढे रस्त्यातला पाइप प्लास्टिकचा झाला आणि घरातल्या कुणालाही न कळता अर्थिंग गेलं. क्लॅम्प जागेवर, तार जागेवर, सगळं चकाचक. मुख्य अर्थिंग नेमकं कशाला जोडलंय, हे तपासनीसाला मुद्दाम विचारा.

अहवालाचे तीन ढीग करा

ब्रिटनमधल्या तपासणी अहवालांत प्रत्येक दोषाला खूण देण्याची पद्धत आहे : सी-१ म्हणजे धोका आत्ता समोर आहे, सी-२ म्हणजे एखादा दोष उद्भवला की धोका, सी-३ म्हणजे सुधारणा सुचवली आहे, आणि एफआय म्हणजे आणखी शोध घ्या. पहिल्या दोन किंवा एफआयपैकी एकही असेल तर अहवाल "असमाधानकारक". नुसते सी-३ कितीही असले तरी तो समाधानकारक ठरू शकतो. तुमच्याकडे वेगळी पद्धत असली तरी तपासनीसाला अशी वर्गवारी करून द्यायला सांगा. वर्गवारी नसली की वीस दोषांची यादी वीस संकटांसारखी दिसते, आणि त्यात एखाद्या स्विचचं तडकलेलं कव्हर आणि तुटलेलं अर्थिंग एकाच रांगेत उभे असतात.

पहिला ढीग : उघडी जिवंत तार, जळालेला जोड, न्यूट्रलला जोडलेली अर्थची पिन, अर्थिंगच नसणं. हे तुम्ही दुरुस्त करा. यात घासाघीस नको.

दुसरा ढीग : तारेपेक्षा मोठा एमसीबी, आरसीसीबीचा अभाव, इन्सुलेशन नापास असलेलं एखादं सर्किट. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी असेल तर तार जळेल, एमसीबी पडणार नाही. एमसीबीचा आकडा त्या सर्किटमधल्या सगळ्यात बारीक तारेवरून ठरतो. एसीची लाइन चार चौरस मिलिमीटरची आहे, पण शेवटचा मीटरभर दीडच्या तारेने ओढलाय, असं सापडतं.

तिसरा ढीग : आजच्या नियमाप्रमाणे असं करणार नाहीत, पण बांधलं तेव्हा योग्य होतं. नियम सहसा मागे जाऊन लागू होत नाहीत. १९७५ साली नियमानुसार केलेलं आणि आजही चाचणीत उत्तीर्ण होणारं सर्किट फक्त जुनं आहे म्हणून धोकादायक ठरत नाही. हे वाक्य तपासनीसाकडून अहवालात लिहून घ्या. खरेदीदाराशी बोलताना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

दुरुस्ती करताना फसण्याच्या जागा

जुन्या तारांना नवा चकचकीत बोर्ड लावणं हा पहिला मोह. आरसीसीबीसह नवा बोर्ड आला तर घर खरोखर अधिक सुरक्षित होतं, यात शंका नाही. पण जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल वाटेत कुठेतरी एकमेकांत गुंतलेले असतात. जिन्याच्या दोन बाजूंच्या स्विचांमध्ये तर हमखास : खालचा फेज, वरचा न्यूट्रल. एमसीबीला याने काही फरक पडत नाही, म्हणून चाळीस वर्षं कुणाला कळलं नाही. आरसीसीबी लावल्यावर मात्र गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येतो आणि जिन्याचा दिवा लावला की अख्खं घर अंधारात. मग कंटाळलेला वायरमन आरसीसीबीला बाजूने तार टाकून तो बाद करतो. बोर्ड नवा, संरक्षण शून्य, आणि खरेदीदाराचा तपासनीस बटण दाबून पाच मिनिटांत हे पकडतो. एका घरी मला ही बाजूची तार व्यवस्थित टेप लावून, झिप टायने बांधून ठेवलेली सापडली होती. काम सुबक होतं. बोर्ड बदलण्याच्या कामात "न्यूट्रल वेगळे करणे" हे आधीच लिहून घ्या आणि त्याला वेळ द्या.

सैल जोडांकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिथे एमसीबी कधीच पडत नाही. गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून दहा अँपिअर गेले, तर त्या एका स्क्रूपाशी पन्नास वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न त्याहून कमी वॉटचं असतं. प्लॅस्टिकच्या पेटीत, भिंतीत, रोज दोन तास. म्हणूनच प्रत्येक सॉकेटमागचा जोड तपासून घट्ट करणं हे कामाच्या यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

ॲल्युमिनिअमच्या तारा असतील तर हेच प्रकरण गंभीर होतं. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर लगेच चढतो आणि तो वीज वाहून नेत नाही. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, आणि स्क्रूखाली दबून हळूहळू सरकतं. तांब्याची किंमत चढल्यावर उत्तर अमेरिकेत १९६५ ते १९७३च्या सुमारास बऱ्याच घरांत या तारा घातल्या गेल्या. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सांगितलं की १९७२पूर्वीच्या ॲल्युमिनिअम तारा असलेल्या घरांत सॉकेटचा जोड आग लागण्याच्या स्थितीला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. इथे दोष जोडात आहे, मधल्या तारेत नाही, म्हणून दरवेळी भिंती फोडाव्या लागत नाहीत. ॲल्युमिनिअमसाठी मान्य असलेल्या खास कनेक्टरने प्रत्येक टोकाला तांब्याचा तुकडा जोडता येतो. मात्र तांबं आणि ॲल्युमिनिअम एकत्र पिळून वर टेप, हा उपाय नाही.

दुरुस्त करू की किंमत कमी करू?

माझा कौल असा. पहिला ढीग तुम्ही दुरुस्त करा. दुसरा ढीग छोटा असेल तर तोही. पूर्ण वायरिंग बदलायची वेळ असेल आणि खरेदीदार स्वयंपाकघर, न्हाणीघर फोडणारच असेल, तर तुम्ही ते करू नका. तुम्ही सॉकेट जिथे बसवाल तिथे त्यांना कपाट हवं असेल. नव्याने खाचा मारा, गिलावा करा, तो वाळू द्या, रंग द्या. आणि तीन महिन्यांत नवा मालक ते उखडणार. अशा वेळी दोन-तीन लेखी अंदाजपत्रकं घ्या आणि किमतीत सूट द्या, किंवा काम होईपर्यंत रकमेचा काही भाग दोघांना मान्य असलेल्या वकिलाकडे राखून ठेवा. सूट अंदाजपत्रकावरून ठरू द्या. खरेदीदाराने हवेतून सांगितलेला आकडा नेहमी मोठा असतो, कारण त्यात त्याची भीतीही मोजलेली असते.

सगळे रबरी तारांचे सर्किट एकामागून एक नापास होत असतील तर तुकड्या-तुकड्याने डागडुजी करण्यात अर्थ नाही. तिथे वायरिंगचं आयुष्य संपलंय, हे मान्य करून किमतीचं बोलणं करा. एजंट म्हणेल, "हे कशाला सांगता?" सांगा. तुम्हाला माहीत असलेला दोष लपवला आणि तो नंतर निघाला, तर वकिलाचा खर्च वायरिंगच्या खर्चाला मागे टाकतो.

खरेदीदाराला उत्तर लेखी आणि कोरडं द्या. साधारण असं :

"आपल्या सर्व्हे अहवालातील विजेसंबंधीच्या शिफारशीनुसार आम्ही परवानाधारक तपासनीसाकडून घराच्या संपूर्ण विद्युत यंत्रणेची तपासणी करून घेतली. सर्किटनिहाय अहवाल सोबत जोडला आहे. त्यातील तातडीचे तीन दोष दुरुस्त केले असून दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे आकडेही जोडले आहेत. पहिल्या मजल्यावरील दिव्यांचे सर्किट बदलणे आवश्यक आहे; ते आम्ही केलेले नाही. त्याची दोन अंदाजपत्रके सोबत आहेत. अहवालातील पान ४ वर तपासता न आलेल्या जागा नमूद आहेत. आपल्या तपासनीसास प्रत्यक्ष पाहायचे असल्यास वेळ कळवावी."

यात "घर पूर्ण सुरक्षित आहे" असं कुठेही नाही, हे बघा. ते वाक्य तुम्ही लिहायचं नाही, तुमच्या तपासनीसानेही नाही. आकडे आणि तारीख द्या, निष्कर्ष त्यांचा त्यांना काढू द्या. दुरुस्तीनंतर फेरतपासणीचा कागद घ्यायला विसरू नका. निम्मे लोक इथे चुकतात : काम झालं, पैसे दिले, आणि खरेदीदाराच्या हातात अजून तो जुना "असमाधानकारक" अहवालच.

त्यांचा तपासनीस येणार असेल त्या दिवशी तुम्ही घरी राहा, पण मागे-मागे फिरू नका. माळ्याचं कुलूप उघडं ठेवा आणि चहाच्या आधी मेन स्विच दाखवा.

ताबा देताना बोर्डाच्या दाराच्या आत एक तक्ता चिकटवा : कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, तारेची जाडी, शेवटच्या तपासणीची तारीख. तक्ता पेन्सिलने भरू नका. आणि बाहेरच्या दिव्याचा तो एक स्विच, जो कुणालाच सापडत नाही, तो कुठे आहे ते त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.